खटक्याचा चाकू

खिशातला चाकू मुळात लेखनसाहित्यात मोडतो. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला बोरूचं टोक बोथट झालं की ते पुन्हा तासावं लागे. त्यासाठीच्या लहान पात्याला फारसीतून आलेलं नाव होतं ‘कलमतराश’. युरोपात पिसाचं टाक तासणाऱ्या चाकूचं नाव पडलं पेननाइफ. चाकू म्हटलं की आज आपल्याला गुंड आठवतो, पण त्याच्या आधी ही वस्तू बाळगायचा तो कारकून.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे एका अर्थी त्याच कारकुनाचा वंशज. माझ्या कामात चाकू लागतो तो सर्व्हरची खोकी उघडायला, केबलभोवतीचे प्लॅस्टिकचे पट्टे कापायला, वायरचं वेष्टण सोलायला. अशा वेळी एक हात बहुतेकदा गुंतलेला असतो. त्यामुळे एका हाताने, खटका दाबताच उघडणारा चाकू घ्यावा असं मनात येणं साहजिक आहे. बोरीवली स्टेशनबाहेरच्या दुकानांत किंवा मोबाइलवर शोधायला लागलो की प्रश्न पडतो: हा घेतला तर चालतो का? त्याचं उत्तर शोधताना बराच इतिहास हाती लागतो.

खटक्याच्या चाकूची रचना साधी असते. पात्याच्या मुळाशी ताणलेली स्प्रिंग, आणि तिला अडवून धरणारी कळ. कळ दाबली की पातं बाहेर. अमेरिकेत जॉर्ज श्रेड या कारागिराने १८९० च्या दशकात असे चाकू कारखान्यात बनवायला सुरुवात केली आणि ते उपयोगी अवजार म्हणूनच विकले गेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी छत्रीधारी सैनिकांना खटक्याचा चाकू दिला जाई. उतरताना दोऱ्यांत अडकलेल्या माणसाला मोकळ्या हाताने त्या कापता याव्यात, हा त्यामागचा हेतू.

बदनामी आली ती १९५० च्या दशकात. वर्तमानपत्रं, मासिकं आणि सिनेमे यांनी हा चाकू टोळीतल्या पोरांच्या हातात दाखवला. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) या सिनेमात तर सगळा खटलाच अशा एका चाकूभोवती फिरतो. बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) पाहिलेल्यांना तो चाकू आठवेल. १९५८ मध्ये अमेरिकेने असे चाकू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला बंदी केली. १९५९ मध्ये ब्रिटनने ते बनवण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली. अमेरिकी कायद्यात मात्र एक चटकन नजरेत न भरणारी सवलत आहे. ज्याला एकच हात आहे, त्याला तीन इंचांपर्यंत पात्याचा खटक्याचा चाकू बाळगता येतो. म्हणजे या खटक्याचा खरा उपयोग काय, हे बंदी घालणाऱ्यांनाही माहीत होतं.

भारताचा शस्त्र कायदाही १९५९ चाच, पण त्याची पार्श्वभूमी वेगळी. त्याने लिटनच्या काळातल्या १८७८ च्या कायद्याची जागा घेतली. त्या कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केलं, हा राष्ट्रीय चळवळीचा जुना सल होता. त्यामुळे नव्या कायद्याची भाषा बऱ्यापैकी सैल आहे. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली वस्तू त्यात शस्त्र ठरत नाही. साधी काठी ठरत नाही, तशीच विळीही नाही. १९६२ च्या नियमांनी चाकूला माप लावलं: पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल, तर ते शस्त्रांच्या यादीत. त्यातही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापराच्या वस्तू वगळल्या.

खटका या नियमांत नव्हता. तो आला दिल्लीत. दिल्ली प्रशासनाच्या १९८० च्या अधिसूचनेत स्प्रिंगवर चालणारे, गरारीदार आणि बटणदार चाकू नावानिशी आले. मर्यादा होती ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद पात्याची. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर तीन इंच! अमेरिकेत एकहाती माणसाला जेवढ्या पात्याची मुभा मिळाली, तेवढ्याच पात्यापासून दिल्लीत संशय सुरू झाला.

‘गरारीदार’ हा शब्द रामपुरीची आठवण करून देतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूर या नवाबी संस्थानात ही कारागिरी वाढली, आणि तिला देशभर पोचवलं मुंबईच्या सिनेमाने. ‘वक्त’ (१९६५) मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग आजही नकलाकारांना पुरतो. पडद्यावर चाकू उघडण्याचा आवाज आला की खलनायक आला, हे प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नसे. पुढे लांब पात्यांवर बंदी आली आणि रामपूरच्या कारागिरांचा धंदा आटला. २०२३ मध्ये त्याच गावात चौकात वीस फुटी चाकूचं शिल्प उभं राहिलं. हत्याराचं स्मारक झालं, पण घडवणारे हात थोडेच उरले.

मुंबईत पात्याची लांबी मोजून प्रश्न सुटत नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचं (आताचा महाराष्ट्र पोलीस कायदा) कलम ३७ पोलीस आयुक्तांना ठरावीक काळापुरता मनाई आदेश काढण्याचा अधिकार देतं. त्यात तलवारी, भाले, चाकू येतात आणि काठ्याही येतात. शस्त्र कायद्याने सोडलेली काठी इथे पुन्हा सापडते. असा आदेश लागू असताना तुमच्या खिशात काय आहे, यापेक्षा तुम्ही कोण दिसता याला जास्त वजन येतं. लॅपटॉपची बॅग आणि गळ्यात ओळखपत्र असलेल्या माझ्याकडचा चाकू ‘कामाचा’ वाटेल. तोच चाकू रात्री उशिरा नाक्यावर उभ्या असलेल्या, माझ्याच वयाच्या हमालाकडे सापडला तर? खोकी तर त्याला माझ्यापेक्षा जास्त उघडावी लागतात.

कोयत्याचंही तेच झालं. कोकणात कमरेच्या आकडीला कोयता अडकवून रानात जाणारा माणूस म्हणजे कामाला निघालेला माणूस. पुण्यात ‘कोयता गँग’चा बोभाटा झाला, आणि २०२३ च्या सुरुवातीला पोलिसांनी दुकानदारांना कोयता घेणाऱ्याच्या आधार कार्डाची नोंद ठेवायला सांगितलं. दहशत खरी होती, त्यामुळे पोलिसांना दोष देऊन भागत नाही. पण शेतकऱ्याच्या अवजाराला ओळखपत्र लागलं, हेही खरं.

मग रोजच्या कामाला घ्यायचं काय? १९५६ मध्ये जपानमधल्या योशिओ ओकादाने याचं उत्तर शोधलं होतं. छापखान्यात कागद कापताना पाती बोथट होत. चॉकलेटच्या वडीचे तुकडे जसे रेघेवर मोडतात, तसं पातं मोडता आलं तर? त्यातून निघालं ते आज प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं कटर. ते अंगठ्याने सरकतं, एका हाताने उघडतं. त्याला स्प्रिंग नाही, आवाज नाही, आणि ते हातात घेतलेल्या खलनायकाची छबीही लोकांच्या मनात नाही. शिवाय धार गेली की टोक मोडून टाकायचं, म्हणजे बोरू तासणाऱ्या कारकुनाच्या उलट: तो पात्याने टोक ताजं करी, इथे पात्याचंच टोक ताजं होतं.

माझा निर्णय तोच आहे. ऑफिसच्या खणात कटर, आणि फार तर नखाने उघडावा लागणारा, तीन इंचांच्या आतला साधा मिटता चाकू. खटक्याने वाचणारा वेळ सेकंदाचाही नाही. तो उघडून दाखवताना ‘हा कामाचा आहे’ हे पटवायला लागणारा वेळ मात्र प्रत्येकाला सारखा लागत नाही. मला कमी लागेल, नाक्यावरच्या हमालाला जास्त. चाकूच्या कायद्याचा विचार करताना पात्याच्या लांबीइतकंच या फरकाचंही माप घ्यायला हवं.