पावतीचा कागद कोरा का होतो?

खरीप आला की कृषी विभागाचा सल्ला ठरलेला असतो. बियाण्याचे पक्के बिल, रिकामी पिशवी आणि टॅग पीक निघेपर्यंत जपून ठेवा. सल्ला बरोबरच आहे, भेसळ निघाली तर तक्रारीला तोच पुरावा लागतो. पण बिल जर मशीनच्या गुळगुळीत कागदावर असेल आणि आपल्या माणसाने ते पासबुकाच्या प्लास्टिक कव्हरात घालून पेटीत ठेवले असेल, तर दिवाळीत धान कापणीच्या वेळी हातात काय येते? पुसट झालेला, कधीकधी पार कोरा कागद.

खताचे तर २०१८ पासून देशभर पॉस मशीनवरच चालले आहे. अंगठा लावा, चिठ्ठी घ्या. रेशन दुकानात तेच, पेट्रोल पंपावर तेच, मेडिकलमध्येही बरेचदा तेच. म्हणून या कागदाची गोष्ट आज जरा सविस्तर लिहितो.

पावती देणारे यंत्र गिऱ्हाइकासाठी जन्मलेच नव्हते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाचा एक दारूच्या गुत्त्याचा मालक होता. गल्ल्यातले पैसे नोकर खिशात घालतात म्हणून तो वैतागला होता. १८७९ मध्ये त्याने भावाच्या मदतीने विक्री मोजणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे १८८४ मध्ये जॉन पॅटरसनने तो धंदा हाती घेऊन नॅशनल कॅश रजिस्टर, म्हणजे एनसीआर कंपनी उभी केली. कागदाचा रोल यंत्रात आला तोही मालकाच्या हिशोबासाठी.

आपल्या एसटीचेही थोडेफार तसेच. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली. (भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, मुंबई राज्यात आपण १९५६ ला आलो.) कंडक्टरच्या पेटीतल्या रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या आणि त्या चिमट्याची टकटक चाळिशीपुढच्या सगळ्यांना आठवत असेल. तिकीट कशाला? चेकिंगवाल्याला दाखवायला. पण ते छापखान्यातल्या शाईचे होते, पुस्तकात खूण म्हणून ठेवले तर वर्षानुवर्षे वाचता यायचे.

याच एनसीआरने १९५४ मध्ये कार्बनविना नक्कल निघणारा कागद बाजारात आणला. वरच्या कागदाच्या पाठीवर रंगहीन रसायनाच्या बारीक कुप्या असतात. पेनाच्या दाबाने त्या फुटतात आणि खालच्या कागदावरच्या आम्लधर्मी थराला लागून निळे अक्षर उमटते. बिलबुकातली पांढरी, पिवळी, गुलाबी पाने तीच. थर्मल कागद हा त्याचा धाकटा भाऊ. इथे दाबाऐवजी उष्णता. रंगहीन रंगद्रव्य, त्याला रंग आणणारे दुसरे रसायन आणि लवकर वितळणारा मेणासारखा पदार्थ, तिघांचा मिळून एक पातळ लेप. छपाईच्या पट्टीवरचे बारीक ठिपके क्षणभर तापतात, लेप वितळतो, रसायने एकमेकांना भेटतात आणि काळे अक्षर येते. ना शाई, ना रिबन. अशा उष्णतेच्या छपाईवर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत जॅक किल्बीने १९६० च्या दशकात काम केले. मायक्रोचिपसाठी २००० साली नोबेल मिळालेला तो हाच. मग फॅक्स आला. वर्तमानपत्राच्या ऑफिसात आम्ही फॅक्सवर आलेले महत्त्वाचे कागद आधी झेरॉक्स करून मगच फाइलला लावायचो.

यात गोम अशी की कागदावर शाई बसत नाही. दोन रसायनांची जुळलेली जोडी तेवढी असते, आणि ती तुटते. ऊन, दमटपणा, तेलाचा हात, सॅनिटायझर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मऊ प्लास्टिकचे पाकीट. त्या प्लास्टिकमधली मऊपणा आणणारी द्रव्ये अक्षर खाऊन टाकतात. मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या आपल्या जिल्ह्यात टिनाखालच्या पेटीत काय होत असेल, सांगायला नको. काही शहाणे लोक पावती लॅमिनेट करायला नेतात. मशीनच्या गरमीने अख्खा कागद काळा होतो, झाली पंचाईत!

हा लेप कागदाच्या दोन्ही बाजूंना देण्याची कल्पनाही एनसीआरनेच या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आणली. एकाच फेरीत पुढे बिल, मागे अटी किंवा जाहिरात. अडचण अशी की एका बाजूची गरमी दुसरीकडे पोचली तर मागची अक्षरे बिघडणार. म्हणून दोन छपाईपट्ट्या अंतरावर बसवायच्या, किंवा दोन बाजूंचे लेप वेगवेगळ्या तापमानाला रंग धरतील असे करायचे. लेबलमध्ये आणखी एक युक्ती आहे. चिकटपट्टीमागचा जो कागद आपण सोलून फेकतो, त्यालाच लेप द्यायचा. पुढे पत्ता, मागे मालाची यादी. ऑनलाइन मागवलेल्या पार्सलवरचे काळे-पांढरे लेबल पाहा, तेही बहुधा थर्मलच, फक्त एका बाजूचे. चांगल्या लेबलवर वरून संरक्षक थर असतो. साध्या पावतीच्या रोलला तो खर्च कोण करणार?

लेपातले रंग आणणारे रसायन अनेक वर्षे बिस्फेनॉल-ए होते. ते शरीरातल्या संप्रेरकांत ढवळाढवळ करते म्हणून युरोपीय संघाने २ जानेवारी २०२० पासून थर्मल कागदातले त्याचे प्रमाण ०.०२ टक्क्यांच्या खाली आणायला लावले. त्याच्या जागी आलेल्या बिस्फेनॉल-एस बद्दलही शंका आहेतच. आपण दिवसाला दोन पावत्या हाताळतो, कंडक्टर शेकडो. दोन्ही बाजूंना लेप म्हणजे बोटांना दोन्हीकडून तेच. माझ्या मते एसटीच्या तिकिटाला थर्मल कागद चालून जातो, उतरल्यावर ते कोण पाहतो? पण वॉरंटी, औषधे, खत-बियाणे यांना तो लावणे म्हणजे गिऱ्हाइकाला वितळणारा पुरावा देणे.

आता कायदा बघा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे. बिल दोन वर्षे वाचता आले पाहिजे, असे मात्र त्या अनुचित प्रथेच्या कलमात म्हटलेले नाही. दुकानदाराचा हिशोब संगणकात राहतो, त्याचे अडत नाही. अडते ते आपले.

तोवर एवढे करा. पावती मिळाली की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा, पोराला सांगा. मूळ पावती कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही. लॅमिनेशन नको. आणि काउंटरवरच दुकानदाराला म्हणा, भाऊ, मागच्या कोऱ्या बाजूवर बिल नंबर, तारीख, लॉट नंबर आणि रक्कम बॉलपेनने लिहून सही करून दे. त्या बाजूला सध्या लेप नसतो, पेनाचे अक्षर टिकते. दोन्ही बाजूंच्या लेपाचे रोल उद्या तुमसर-साकोलीच्या दुकानात आले, तर ती कोरी जागाही जाईल.