गोत्र तिकडचं, आडनाव इकडचं



माझी नात पुण्यात सिनेमाचं शिक्षण घेते. दिवाळीत आली ती एक प्रश्न घेऊनच. तिला सात मिनिटांची फिल्म करायची आहे. तिच्यात कथा नाही, संवाद नाही, नट-नट्याही नाहीत. मी म्हटलं, "मग उरलं काय?" तर म्हणाली, "आजी, माणसं एका जागेहून दुसऱ्या जागी का जातात आणि जाताना काय नेतात, तेवढंच दाखवायचं. तू मला माहिती काढून दे." मी जुनी बी.कॉम., इतिहासाशी संबंध दहावीपर्यंतचा. पण घरात रिकामा वेळ आहे, वाचनालय जवळ आहे, म्हणून हो म्हटलं. हे लिहिणं त्यातूनच आलं.

सुरुवात मी आमच्या बघेरवालांपासूनच केली. घरोघर सांगतात तेच मीही लहानपणापासून ऐकलं: आपण मूळचे राजस्थानातले, बघेरा गावावरून बघेरवाल, बावन्न गोत्रांचे. चितोडच्या किल्ल्यावर आदिनाथांचा जो कीर्तिस्तंभ आहे, बाराव्या-तेराव्या शतकातला, तो उभारणारा साह जीजा आपल्याच ज्ञातीचा. (राणा कुंभाचा विजयस्तंभ तो वेगळा. सहलीला गेलेल्या आपल्या बायका नेहमी त्याच्यापुढेच फोटो काढून येतात!) विदर्भातल्या पंधराव्या शतकातल्या एका लेखातही या जीजाचा आणि चितोडचा उल्लेख आहे. म्हणजे तोवर ही माणसं इथे पोचली होती आणि मागचं गाव विसरलेली नव्हती.

हे सगळं शोधताना डॉ. विद्याधर जोहरापूरकरांचं 'भट्टारक संप्रदाय' हाती आलं. १९५८ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत निघालेलं. मूर्तींच्या पाठीवरचे, पीठांवरचे लेख त्यांनी एकेक करून गोळा केले. आपण अभिषेक करतो, पुसतो, पण मूर्तीच्या तळाशी काय लिहिलंय ते वाचतो का कधी? संवत, गण, भट्टारकांचं नाव, ज्ञात, गोत्र, मूर्ती बसवणाऱ्याचं नाव आणि पुष्कळदा त्याच्या बायकोचंही. हिशेबाच्या वहीसारखी चोख नोंद.

त्यांचं नाव वाचतानाच मला एक गोष्ट लख्ख दिसली. वडिलांचं नाव पासूसा. हा 'सा' म्हणजे 'साह', तिकडून आलेला. आणि आडनाव जोहरापूरकर, इकडच्या गावावरून पडलेलं. आपल्यातल्या कितीतरी घरांचं असंच आहे. गोत्र राजस्थान सांगतं, आडनाव वऱ्हाडातलं खेडं सांगतं आणि घरात आपण बोलतो मराठी. नातीला सांगितलं तर ती उडालीच. "आजी, म्हणजे आपलं नावच एक नकाशा आहे!"

नंतर मी नागपूरकडे वळले. देवगडच्या बख्त बुलंद शाहाने १७०२ साली बारा वाड्या एकत्र करून हे शहर वसवलं, पुढे रघुजी भोसल्यांनी राजधानी केलं. म्हणजे इथला 'मूळचा' म्हणवणारासुद्धा कुठून तरी आलेलाच. आपल्या इतवारीत नुसतं फिरा. परवारपुरा आहे, बुंदेलखंडातून आलेल्या परवार जैनांचा. लाडपुरा आहे, जिथे आपलं सेनगण मंदिर आहे. लाड हे नाव गुजरातकडच्या लाट देशावरून आलं असं मानतात. पुढे मोमिनपुऱ्यात विणकर, आणि फाळणीनंतर जरीपटक्यात सिंधी. १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि मग तर गावोगावची माणसं पोटासाठी आली. चाळीस वर्षं मी या गल्ल्यांतून हळद-तिखट आणलं, पाट्या मात्र आत्ता वाचल्या.

नातीला याहूनही मागे जायचं होतं. "मानव म्हणजे अगदी पहिला मानव, आजी." आफ्रिकेतून माणूस साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी बाहेर पडला वगैरे तिने मला सांगितलं. मी तिला जळगाव जिल्ह्यातलं पाटणे सांगितलं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले आहेत, काही हजार नव्हे, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. आपल्याकडे शहामृग होते हेच मला ठाऊक नव्हतं! पण तिला सगळ्यात आवडलं जुनापाणी. काटोल रोडने गेलं की शहराबाहेर लगेच. तिथे दगडांची तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत, लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी मांडलेली. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्यावर लिहिलं. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. जवळच्या माहुरझरीला अशाच वर्तुळांत माणसांबरोबर घोडे पुरलेले निघाले, अंगावर तांब्याचा साज असलेले. घोडा ज्याला इतका जवळचा, तो एका जागी बसणारा नसावा, असं मला वाटतं. त्याने मागे ठेवलं ते हे वर्तुळ.

आपल्या धर्मात तर चालणं हीच रीत. मुनी चातुर्मासाचे चार महिने सोडले तर एका गावी राहत नाहीत. बारा वर्षांच्या दुष्काळात भद्रबाहू संघ घेऊन उत्तरेतून श्रवणबेळगोळला गेले, चंद्रगुप्तही बरोबर होता, ही कथा आपल्याला पाठ आहे. तिथल्या चंद्रगिरीवर सहाव्या-सातव्या शतकातला लेखही आहे. पण मुनींनी जाताना काही नेलं नाही. आपण संसारी माणसं नेतो.

इथवर मी खुशीत होते. वही भरली होती. मग नातीने विचारलं, "आणि तू कुठून आलीस?"

मी म्हटलं, सांगितलं की, चितोडकडून.

"ते आजोबांचं गं. तू?"

मी कारंज्याहून आले. १९७९ साली, बाविसाव्या वर्षी. शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूर, इंग्रजांच्या काळात कापूस न्यायला टाकलेली ती छोटी गाडी, आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूर. बरोबर एक ट्रंक, पाणी गाळायचं आईने शिवलेलं छन्नं आणि बी.कॉम.चं सर्टिफिकेट, जे ट्रंकेतच राहिलं. २०११ च्या जनगणनेत देशात जन्मगाव किंवा आधीचं गाव सोडून राहणारे सुमारे ४५ कोटी लोक मोजले गेले, त्यात बायका पुरुषांच्या दुपटीहून अधिक, आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण लग्न. आपण मात्र त्याला स्थलांतर म्हणतच नाही. सासरी गेली म्हणतो.

सासऱ्यांनी जपलेली वंशावळ मी त्या रात्री काढून पाहिली. बारा पिढ्या, सुंदर अक्षर. एकही बाई नाही. कॉमर्समध्ये आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, एक बाजू लिहिली की दुसरी लिहावीच लागते, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. मूर्तीच्या तळाशी पाचशे वर्षांपूर्वी कोरणाऱ्याला जे सुचलं, ते आमच्या घरातल्या कागदाला सुचलं नाही. यांना दाखवलं. ते म्हणाले, "पद्धतच तशी होती." होती, खरं आहे. मी पेन घेऊन शेवटच्या तीन ओळींत सासूबाई, मी आणि सून, तिघींची नावं गावांसकट लिहिली. थोडा वाद झाला. कागद आता तसाच आहे.

नातीने फिल्म बदलली. जुनापाणीच्या दगडांचं चित्रण ती पहाटे करून आलीच होती. त्यावर तिला फक्त आवाज हवे होते. आमच्या भजन मंडळाच्या अकरा जणी माझ्या स्वयंपाकघरात बसलो आणि प्रत्येकीने फक्त गावांची नावं सांगायची असं ठरलं: माझं माहेर, माझ्या आईचं माहेर, तिच्या आईचं, असं जमेल तितकं मागे. पहिलं नाव सगळ्यांनी चटकन सांगितलं. दुसरंही. तिसऱ्याला सहा जणी अडल्या. चौथं फक्त एकीला आलं, आमच्यात सगळ्यात मोठ्या, ऐंशी ओलांडलेल्या काकूंना. त्यांनी अंजनगाव म्हटलं, थांबल्या, आणि म्हणाल्या, नाही, ते आत्याचं.

नातीने ते थांबणंही तसंच ठेवलं आहे. काकू घरी जाताना दारात चपला घालता घालता मला म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण अमरावतीला आहे. तिला फोन लावून देशील का गं? तिला कदाचित माहीत असेल."