रक्तप्रवाहाचे पुनःस्थापन आणि हृदयस्नायूचे रक्षण

हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी अवरुद्ध झाली असता तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो. अवरोध दूर करून रक्तप्रवाह पूर्ववत् करणे हाच त्यावरील उपाय होय. परंतु परत येणारे रक्तच स्नायूला काही अंशी घातक ठरते काय, हा प्रश्न साठांहून अधिक वर्षे विवाद्य राहिला आहे.

१९६० मध्ये शिकागो येथील विकृतिशास्त्रज्ञ रॉबर्ट जेनिंग्ज व त्यांचे सहकारी यांनी कुत्र्यांच्या हृदयरोहिणी काही काळ बांधून मग मोकळ्या केल्या. अवरोध कायम राहिल्यास जी विकृती चोवीस तासांनी दिसावयाची, ती रक्त परतल्यावर तीस ते साठ मिनिटांतच दिसून आली. याचे दोन अर्थ संभवत होते. रक्ताने जिवंत कोशिका मारल्या असाव्यात, अथवा आधीच गतप्राण झालेल्या कोशिकांचा मृत्यू केवळ लवकर उघड केला असावा. १९७७ मध्ये रायमर, जेनिंग्ज प्रभृतींनी दाखविले की, हा मृत्यू स्नायूच्या आतील थरापासून बाहेरच्या थराकडे लाटेप्रमाणे सरकतो. त्यामुळे रोहिणी लवकर मोकळी करण्यास शास्त्रीय आधार मिळाला. मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला.

१९८६ मध्ये ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज व रायमर यांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. चाळीस मिनिटांच्या अवरोधापूर्वी पाच-पाच मिनिटांचे चार अल्प अवरोध घडविले असता मृत स्नायूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर आले. अवरोध तीन तासांचा असल्यास मात्र हा लाभ उरला नाही. शिवाय झटका केव्हा येणार हे आधी कळत नसल्याने ही पूर्वतयारी रुग्णाच्या उपयोगाची नव्हती.

२००३ मध्ये अटलांटा येथील झाओ, विंटन-जोहान्सन प्रभृतींनी हाच क्रम उलटा केला. रोहिणी मोकळी करताना प्रारंभीच अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने तीनदा प्रवाह थांबविला असता कुत्र्यांत मृत भाग पुष्कळ घटला. १९६० च्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. रक्त परतण्याची रीत बदलल्याने जो स्नायू वाचला, तो त्या क्षणी जिवंत होता हे निश्चित. रक्त परतताच कोशिकेत कॅल्शियमचा अतिरेक होतो, ऑक्सिजनचे क्रियाशील मूलक निर्माण होतात आणि ऊर्जा पुरविणाऱ्या कलकणूंच्या आवरणातील रंध्रे उघडतात, असे या घाताचे स्पष्टीकरण आज दिले जाते.

ही रंध्रे उघडू न देणाऱ्या सायक्लोस्पोरीनने २००८ मध्ये अठ्ठावन्न रुग्णांच्या चाचणीत आशा निर्माण केली. २०१५ मध्ये सुमारे ९७० रुग्णांच्या चाचणीत ती फोल ठरली. दंडावरील पट्टा आळीपाळीने आवळून व सैल करून हृदयाचे दुरून रक्षण करण्याचा उपायही २०१९ मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांत निष्फळ ठरला.

प्रयोगातील प्राणी बहुधा तरुण व निरोगी असतात. रुग्ण वयस्क, अनेकदा मधुमेही आणि विविध औषधे घेत असलेला असतो. त्यामुळे प्राण्यांतील यश रुग्णाच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही. तथापि या अपयशांनी घात खोटा ठरत नाही. तो टाळण्याचे साधन तेवढे अद्याप हाती आलेले नाही. तोपर्यंत १९७७ चा धडाच प्रमाण मानावयास हवा: रक्त परत येण्यात धोका असला, तरी ते उशिरा येण्यातील हानी त्याहून फार मोठी आहे.