मोटारीचा उच्छ्वास

दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकात सोने लुटावयास जमलेला कोल्हापूरकर दोन गोष्टींची वाट पाहत असतो. एक अंबाबाईची पालखी आणि दुसरी छत्रपतींची मेबॅख. ती मोटार चौकात शिरली की लोक टाचा उंचावतात, मुलांना खांद्यावर घेतात. वाद्यांच्या गजरात तिच्या इंजिनाचा आवाज कानी पडणे शक्य नसते. तरी मी आपला कान देऊन उभा असतो. त्याला कारण आमच्या घरात आहे.

आमच्या घरी वडिलांची १९६८ सालची अँबॅसडर आहे. वडील गेले आणि ती माझ्याकडे आली. गेल्या वर्षी ती चढाला दम टाकू लागली. मुलगा अभियांत्रिकीला आहे. तो म्हणाला, "बाबा, हिची धुराची नळी बदलू. मोठ्या तोंडाची टाकू. ताकद वाढेल आणि आवाजही दणदणीत येईल." मी इतिहास शिकविणारा मनुष्य, यंत्रशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकपुरता. जुनी वस्तू जशीच्या तशी राखावी, एवढेच मला ठाऊक. म्हणून मी नाही म्हटले. मग या 'जशीच्या तशी'चा अर्थ शोधावयास निघालो, आणि माझी मलाच लाज वाटली.

त्या मेबॅखपासूनच सुरुवात करू. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतली ही मोटार. तिला घडविणारी जर्मन कंपनी मुळात झेपेलिन वायुनौकांची इंजिने करणारी. या कंपनीने १९३५ साली साडेतीन लिटरचे, १४० अश्वशक्तीचे इंजिन असलेली मोटार काढली. पण तेव्हा जर्मनीत मिळणाऱ्या पेट्रोलचा कस उतरत चालला होता. हलके पेट्रोल फार दाबले की वेळेआधी पेटते आणि इंजिन ठोके देते. तेव्हा १९३६ साली कंपनीने दाब कमी केला, इंजिनाचे आकारमान ३.८ लिटर केले आणि तीच १४० अश्वशक्ती कायम राखली. म्हणजे गाडीची कीर्ती तशीच राहावी म्हणून आतले यंत्र बदलावे लागले. बदलत्या इंधनापुढे खुद्द मेबॅखलाही वाकावे लागले, तर आमच्या अँबॅसडरची काय कथा!

पुढे महायुद्ध आले आणि पेट्रोलला रेशन लागले. आपल्याकडच्या मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या चढल्या. लोणारी कोळसा पेटवावयाचा, त्याचा वायू गाळून इंजिनात सोडावयाचा. इंजिनाची तिसरा हिस्सा ते निम्मी ताकद त्यात जाई. घाट आला की उतारूंनी उतरून चालावयाचे, असे म्हातारी माणसे सांगत. त्या गाड्या मूळ स्वरूपात राहिल्या नाहीत, हे खरे. पण त्या चालल्या, हेही खरे. शिवाजी उद्यमनगरातल्या भट्ट्या आणि लेथ पाहिले की वाटते, ज्या गावाला सुटा भाग सहज मिळत नाही, त्याच गावात तो ओतणारा हात तयार होतो.

उद्यमनगरातल्याच एका मेस्त्रींकडे मी गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडले, थोडा वेळ नुसते ऐकले आणि म्हणाले, "मास्तर, माणसाला श्वास घ्यायला जेवढं महत्त्व, तेवढंच सोडायला. हिला सोडताच येत न्हाई."

मग त्यांनी मला जे दाखविले ते असे. अँबॅसडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन मूळचे इंग्लंडातल्या बीएमसी कंपनीचे. त्यात सिलिंडर चार, पण जळका वायू बाहेर पडावयास वाटा तीनच. मधल्या दोघांना एकच दार, एका वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांसारखे. तरीही हेच इंजिन १९५५ साली एमजीए नावाच्या इंग्रजी स्पोर्ट्‌स मोटारीत बसविले, तेव्हा सत्तर अश्वशक्तीच्या घरात गेले. आमच्याकडे ते पन्नाशीच्या आसपासच राहिले. एमजीएला दोन कार्ब्युरेटर, अधिक दाब आणि मोकळी धूरवाट दिली होती.

"मग नळी मोठी करू या," मी उत्साहाने म्हणालो. मेस्त्री हसले. नळी फार रुंद केली की वायूचा वेग मंदावतो आणि हळू चालताना, चढावर, गाडीची ओढ उलट घटते. शिवाय वाट मोकळी केली आणि इंधनाचे माप तसेच ठेवले, तर मिश्रण पातळ होऊन झडपा भाजतात. एका ठिकाणी हात लावला की चार ठिकाणी हिशेब द्यावा लागतो.

आणि खरे दुखणे तर दुसरीकडेच होते. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे असे. त्याचा थर झडपांच्या बैठकींना जपत असे. २००० सालापासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल आले. हवेसाठी ते चांगलेच झाले, पण जुन्या ओतीव लोखंडाच्या बैठकी झिजू लागल्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. त्यात लिटरमागे उष्णता सुमारे एकतृतीयांशाने कमी, म्हणून इंधनाचे माप वाढवावे लागते, आणि जुन्या रबरी नळ्या तर ते खाऊनच टाकते. गंमत पाहा. ते इथेनॉल आपल्याच उसाचे. ज्या शिवारांतून वडिलांची गाडी जात-येत असे, तीच शिवारे आज तिच्या टाकीत उतरली आहेत.

मुलाने आणखी एक गोष्ट पुढे ठेवली. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदविता येते. पण ती मूळ रूपात हवी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि तिने रोजच्या वापरासाठी रस्त्यावर यावयाचे नाही. म्हणजे मान हवा असेल तर बसून राहा. माझे वडील एक दिवस बसून राहिले नाहीत.

मी मनाशी हिशेब केला. जे जगण्यासाठी बदलावे लागते ते बदलावे, जे मिरवण्यासाठी ते बदलू नये. हा भेद कायद्याच्या शब्दांत बसतो की नाही, ते अधिकारी ठरवोत. मेस्त्रींनी धुराच्या झडपांना कठीण पोलादाच्या बैठकी बसविल्या, इंधनाच्या नळ्या नव्या घातल्या, मिश्रणाचे माप वाढविले. आतल्या धूरवाटेवरचे ओतकामाचे कंगोरे घासून गुळगुळीत केले. सायलेन्सर कुजला होता. तो जुन्याच मापाने नवा करून घेतला. मुलाचा चेहरा जरा उतरला. पण पन्हाळ्याचा चढ गाडी न धापता चढली, तेव्हा चाक त्याच्याच हातात होते.

आता एक भीती उरली होती. रात्री वडिलांची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आई आवाजावरून उठून दार उघडी. तो आवाज मी बदलून टाकला, असे तर झाले नाही ना? त्या रात्री पन्हाळ्याहून परतलो, तेव्हा दार उघडे होते आणि आई उंबऱ्यात उभी होती.

"आवाज तो नव्हे," ती म्हणाली. मी गप्प राहिलो.

"पण आता खोकत नाही. त्यांना ती खोकलेली मुळीच आवडायची नाही."