तीन दिवसांची विद्यार्थिनी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील सार्वजनिक विद्यापीठांतून वर्णभेद कसा हटला हे सांगताना बहुधा ११ जून १९६३ या दिवसाचा उल्लेख होतो. त्या दिवशी ॲलाबामा राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस हे टस्कलूसा येथील विद्यापीठाच्या दारात दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडवून उभे राहिले आणि ते दृश्य चित्रवाणीने घरोघरी पोहोचवले. परंतु या विद्यापीठाची कहाणी त्याच्या अकरा वर्षे आधीच, एका साध्या प्रवेश-अर्जाने सुरू झाली होती.

१९५२ साली ऑथरिन लूसी आणि तिची मैत्रीण पॉली ॲन मायर्स यांनी ॲलाबामा विद्यापीठाकडे अर्ज केले. ऑथरिन ही शेतकरी कुटुंबातली, दहा भावंडांत धाकटी आणि स्वभावाने लाजरी. कल्पना मैत्रिणीची, चिकाटी मात्र हिची! दोघींना प्रवेश मंजूर झाल्याचे कळवण्यात आले, आणि त्या कृष्णवर्णीय आहेत हे ध्यानात येताच तो मागे घेण्यात आला. थरगूड मार्शल, आर्थर शोर्स आणि कॉन्स्टन्स बेकर मोट्ली या वकिलांनी हा लढा न्यायालयात नेला. १९५५ साली न्यायमूर्ती होबार्ट ग्रूम्स यांनी निकाल दिला, की वर्णाच्या कारणास्तव प्रवेश नाकारता येणार नाही. यावर विद्यापीठाने मायर्सला तिच्या वर्तनाचे निमित्त काढून वगळले. ऑथरिनला घेतले, पण वसतिगृह आणि भोजनगृह तिला बंदच ठेवले.

३ फेब्रुवारी १९५६ रोजी ती प्रथम वर्गात बसली. ६ फेब्रुवारीला मोठा जमाव तिच्यावर चालून आला. अंडी आणि दगड फेकले गेले, तिला ठार मारण्याच्या आरोळ्या उठल्या. कित्येक तास ती एका इमारतीत अडकून पडली आणि प्रार्थना करीत राहिली. शेवटी पोलिसांनी तिला गाडीत आडवे निजवून बाहेर काढले. त्याच रात्री विद्यापीठाने निलंबनाचा आदेश काढला. तो जमावाविरुद्ध नव्हे, तर ऑथरिनविरुद्ध होता. कारण दिले तिच्या सुरक्षिततेचे!

पुढचा भाग अधिक बोलका आहे. विद्यापीठाने दंगलखोरांशी संगनमत केले, असा आरोप तिच्या वकिलांनी न्यायालयात केला होता. पुरावा अपुरा वाटल्यावर त्यांनी तो मागेही घेतला. २९ फेब्रुवारीला न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला. त्याच दिवशी विश्वस्तांनी, तिने विद्यापीठाची बदनामी केली असे म्हणून, तिला कायमचे काढून टाकले. वर्णाचा शब्दही न उच्चारता वर्णभेद पाळण्याची ही रीत जमावाच्या दगडांहून अधिक परिणामकारक ठरली, असे मला वाटते. दगडांनी विद्यापीठाचे दार काही दिवस बंद केले. या ठरावाने ते सात वर्षे बंद राहिले.

याच राज्यातील मोबील शहरी येशूसंघीयांच्या स्प्रिंग हिल महाविद्यालयाने १९५४ सालीच कृष्णवर्णीयांना प्रवेश दिला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्याचा गौरवाने उल्लेख केला आहे. तेवढ्यावरून आपण आपलीच पाठ थोपटून घेऊ नये. दक्षिणेतील अनेक कॅथलिक चर्चमध्येही कृष्णवर्णीयांच्या वाट्याला मागचीच बाके होती. १९६२ साली न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप रमेल यांनी धर्मप्रांतातील शाळा सर्व वर्णांच्या मुलांना खुल्या करण्याचे ठरवले, तेव्हा उघड विरोध करणाऱ्या तीन कॅथलिकांना त्यांना धर्मबहिष्कृत करावे लागले.

१९६३ साली वॉलेस यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड यांच्या पाठीशी मात्र राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि केंद्राच्या हुकमतीखाली आणलेले नॅशनल गार्डचे सैनिक होते. गव्हर्नर बाजूला झाले. त्याच संध्याकाळी केनेडींनी राष्ट्राला उद्देशून भाषण केले. मलोन १९६५ साली तेथून पदवीधर झाल्या. विद्यापीठाच्या इतिहासातील त्या पहिल्या कृष्णवर्णीय पदवीधर.

ऑथरिन यांनी १९५६ सालीच एका धर्मोपदेशकाशी विवाह केला आणि त्या टेक्साससारख्या अन्य राज्यांत राहू लागल्या. प्रसिद्धीमुळे शिक्षिकेची नोकरी मिळणे त्यांना बरीच वर्षे अवघड गेले. १९८८ साली विश्वस्तांनी हकालपट्टीचा ठराव रद्द केला. पुढच्या वर्षी साठीच्या उंबरठ्यावर त्या पुन्हा वर्गात बसल्या, आणि १९९२ साली प्राथमिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी घेण्यासाठी व्यासपीठावर चढल्या तेव्हा त्यांची कन्याही त्याच समारंभात पदवी घेत होती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये शिक्षणशास्त्राच्या इमारतीला त्यांचे नाव देण्याचे ठरले. आधीचे नाव होते बिब ग्रेव्ह्ज यांचे. हे गव्हर्नर एके काळी कू क्लक्स क्लानचे पुढारी होते. विश्वस्तांनी प्रथम दोन्ही नावे जोडून पाहिली! टीका झाली, तेव्हा ग्रेव्ह्ज यांचे नाव वगळले. २५ फेब्रुवारीच्या नामकरण समारंभाला ९२ वर्षांच्या ऑथरिनबाई स्वतः उपस्थित होत्या. २ मार्चला त्यांचे देहावसान झाले.