बंद करून चालू करा

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागे कॉम्प्युटर आले आणि कॉम्प्युटरमागे आमच्यासारखे मेकॅनिक. निम्म्या दुखण्यांवर आमचं औषध एकच: बंद करून चालू करा. सॉफ्टवेअर टाकताना ‘फाइल इन यूज’ आलं की हमखास तेच.

गिऱ्हाइकाला ही थाप वाटायची. पण विंडोज ९८ वापरात असलेली फाइल बदलूच देत नसे. इन्स्टॉलर मग ‘विनइनिट.आयएनआय’मध्ये लिहून ठेवी: अमुक काढा, तमुक बसवा. पुढच्या वेळी मशीन चालू होताना, विंडोज पुरतं उठायच्या आत, ही अदलाबदल होई. त्या घडीला लांब नावं चालत नसत. आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं एवढाच कारभार. एनटी, एक्सपीत हीच यादी रजिस्ट्रीत गेली.

लोडशेडिंगच्या वर्षांत तर सांगायचीही गरज नसे. यूपीएसची बॅटरी दमलेलीच. लाइट जायची, यायची आणि अडलेली फाइल बसलेली असायची. (डेटाबेस बिघडला तर तो खर्च वेगळा!)

सर्व्हर आले आणि ही सोय गेली. हळदीच्या हंगामात आडतीवरचा सर्व्हर बंद केला की शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या थांबल्या. मग फाइल कोणी धरलीय ते शोधणं आलं. मार्क रुसिनोविच यांचा ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ इथे कामाला आला; २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच घेतली. त्यात फाइलीचं नाव टाकलं की धरणारा प्रोग्राम दिसतो.

एका आडतीवर मायएसक्यूएल या डेटाबेसची नवी आवृत्ती चढेना. मुनीमजी म्हणाले, “अहो, मी कवाच बंद केलंय!” त्यांनी बंद केली होती ती हिशेबाची खिडकी. शोधलं तर ‘मायएसक्यूएलडी.ईएक्सई’ मागे सर्व्हिस म्हणून चालूच. सर्व्हिस थांबवली, इन्स्टॉल पुढे सरकलं. शेतकरी तोवर पट्टीसाठी ताटकळत.

वापरातल्या फाइलीवरच्या या कुलपाला शिव्या घालण्यात मात्र अर्थ नाही. १९८४ मध्ये डॉस ३.० बरोबर ‘शेअर.ईएक्सई’ आला तो दोघांनी एकाच वेळी लिहून फाइलीची वाट लावू नये म्हणून. लिनक्सची रीत निराळी: जुनी फाइल काढून त्याच नावाने नवी ठेवता येते, चालू प्रोग्राम बंद होईपर्यंत जुनीच वापरतो.

विंडोजनेही २००७ मध्ये व्हिस्टाबरोबर ‘रीस्टार्ट मॅनेजर’ आणला. फाइल अडवणारे प्रोग्राम इन्स्टॉलरच बंद करून पुन्हा चालू करू लागला. पण आमच्या गिऱ्हाइकांना व्हिस्टा कधी मानवलीच नाही. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी कित्येक आडतींवर तीच चालू होती.