घरट्यापुढचा कॅमेरा

1892 साली इंग्लंडमध्ये चेरी कीअरटन यांनी अंड्यांसकट घरट्याचं छायाचित्र टिपलं. भारतातल्या पक्षी छायाचित्रणाच्या छंदावर ई. एच. एन. लोथर यांचं पुस्तक 1949 मध्ये आलं. आड येणारी फांदी बाजूला बांधणं तेव्हा फारसं कुणाला खटकत नसे. पण बुलबुलाच्या उघड्या घरट्यावरचं पान म्हणजे सावली, शिवाय कावळ्यापासून आडोसाही.

भारतातल्या 1887 च्या पक्षी संरक्षण कायद्याला चिंता होती विणीच्या काळात मारलेल्या पक्ष्यांच्या विक्रीची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरट्याला त्रास देणं थेट शिकारीच्या व्याख्येत घातलं. हातात बंदूक नसली तरी!

वारूळवाडीसारख्या गावात विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे सुगरणीचे खोपे दुरून टिपायला कायदा आडवा येत नाही. पण काही छायाचित्र स्पर्धा आता घरट्यावरचे फोटो स्वीकारतच नाहीत.